कमी जोराचा बार

दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबच्या शिवारात कापसाला बोंडे धरली, तूर फुलोऱ्यात आली, की रात्रीची जागल लागते. अडाण नदीकाठच्या झुडपांत आणि नाल्यांच्या कपारींत दिवसभर दडलेली रानडुकरे अंधार पडताच वावरात उतरतात. रोही, म्हणजे नीलगाई, येतात ते कोवळे शेंडे खुडत एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्यावर निघून जातात. जागलीवरचा माणूस डबा बडवतो, बॅटरीचा झोत टाकतो, सुतळी बॉम्ब लावतो. काही दिवसांत डुकरांना त्याचीही सवय होते. मग गोष्ट बंदुकीवर येते, आणि बंदुकीवर आली की दोन प्रश्न हमखास निघतात: बार कोणत्या दारूचा आणि किती?

हेच दोन प्रश्न अमेरिकेतल्या काही वेगळ्याच मंडळींना शंभराहून अधिक वर्षे छळत आले आहेत. घरी शिसे वितळवून साच्यात गोळी ओतायची, वापरलेल्या पितळी काडतुसात ती पुन्हा बसवायची आणि मूळ जोराच्या निम्म्या-पाऊण जोराने रायफलीतून सोडायची, हा तिथला जुना छंद. त्या बारासाठी दारू कोणती निवडावी, यावर तिथे पुस्तके आहेत, प्रयोग आहेत आणि न मिटलेली भांडणेही आहेत. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचा आणि त्या छांदिष्टांचा परस्परांशी काही संबंध नाही. पण शिशाची गोळी, हलका बार आणि योग्य दारू हा पेच दोघांचा एकच आहे, म्हणून दोन्हीकडचा हिशेब एकत्र मांडून पाहण्यासारखा आहे.

कायद्याने सुचवलेली बंदूक

भारताचा शस्त्र कायदा १९५९ चा. तो १९६२ च्या ऑक्टोबरपासून लागू झाला आणि लॉर्ड लिटनच्या काळातला १८७८ चा कायदा इतिहासजमा झाला. नव्या कायद्याच्या १३व्या कलमात पीक संरक्षणाला स्वतंत्र जागा आहे. खऱ्याखुऱ्या पीक रक्षणासाठी परवाना मागणाऱ्याला ठासणीची बंदूक मिळावी. ती पुरणार नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक द्यावी, असा त्याचा आशय. नळीत आटे असलेली रायफल या तरतुदीत कुठेच येत नाही.

यातून एक गमतीची परिस्थिती तयार झाली आहे. काडतुसाच्या बंदुकीत दारू किती, छर्रे किती, हे कारखान्याने आधीच ठरवलेले असते. शेतकरी फक्त चाप ओढतो. ठासणीच्या बंदुकीत मात्र सगळा कारभार हातचा. तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी किंवा काथ्याचा बोळा गजाने ठासायचा, मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा गज आणि शेवटी मागच्या बोंडीवर टोपी. काडतूस बनवायचे तर कायद्याच्या ५व्या कलमाप्रमाणे परवाना लागतो. विनापरवाना बनवणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षे कैद आहे, ती जन्मठेपेपर्यंतही जाऊ शकते. त्याच कायद्याने ठासणीवाल्याच्या हाती मात्र दारूचे माप सोपवले आहे. अमेरिकन छांदिष्ट ज्या निवडीसाठी तराजू आणि तक्ते घेऊन बसतो, ती निवड इथे कंदिलाच्या उजेडात मापट्याने होते.

अशा बंदुका सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि गोव्यात अजून बऱ्याच आहेत. पलीकडे कोडगूमध्ये तर कोडव समाजाला बंदूक बाळगण्यासाठी परवान्यातूनच सूट आहे; ब्रिटिश काळापासूनची ही सवलत केंद्राने २०१९ मध्ये आणखी दहा वर्षांसाठी वाढवली.

कोळशापासून सरकीपर्यंत

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. त्यात सोऱ्याचा वाटा सुमारे तीन चतुर्थांश. कंपनी सरकारच्या काळात बिहारचा सोरा जहाजे भरभरून युरोपला जात होता. मराठी मुलखात या दारूच्या खुणा गडागडावरच्या कोठारांत दिसतात. सिंहगडावरच्या दारूकोठारावर ११ सप्टेंबर १७५१ ला वीज पडली आणि त्या स्फोटात गडावरच्या फडणिसांचे घर माणसांसकट गेले. १८१८ च्या मे महिन्यात रायगड पडला तोही इंग्रजांच्या तोफगोळ्यांनी लावलेल्या आगीनंतर. ठिणगी लागली की ही दारू मोकळ्यावरही भडकते. दाब कमी असो वा जास्त, तिच्या जळण्याच्या वेगात त्या मानाने फार फरक पडत नाही. हा गुण लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढच्या सगळ्या वादाची मुळी त्यात आहे.

१८५३ च्या एन्फिल्डपासून १८७१ च्या मार्टिनी-हेन्रीपर्यंत सगळ्या लष्करी रायफली याच दारूवर आणि शिशाच्या गोळीवर चालल्या. आज ज्याला हलका बार म्हणतात तो तेव्हा पूर्ण बार होता. गोळीचा वेग सेकंदाला चारशे मीटरच्या आसपास, आणि शिसे तेवढे सहज सोसते.

१८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्येईने धूर न करणारी दारू केली. तिच्या मुळाशी होता कापूस. कापसावर नायट्रिक आम्लाची क्रिया केली की तो स्फोटक होतो, हे बाझेलच्या शोनबाइनने १८४६ मध्येच दाखवले होते. व्येईने त्याला काबूत आणले. नोबेलची बॅलिस्टाइट १८८७ ची, ब्रिटिशांची कॉर्डाइट १८८९ ची. ब्रिटिशांची ०.३०३ रायफल १८८८ मध्ये आली तेव्हा तिच्या काडतुसात दाबून भरलेली काळी दारूच होती. कॉर्डाइट आली ती तीन वर्षांनी. निलगिरीतल्या अरुवनकाडूला कॉर्डाइटचा कारखाना उभा राहिला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, तर खडकीचा दारूगोळा कारखाना त्याच्याही आधीचा, १८६९ चा. आज नायट्रोसेल्युलोजसाठी सरकीवरचा आखूड तंतू, म्हणजे लिंटर, वापरतात. जिनिंगमध्ये लांब धागा निघून गेल्यावर सरकीला चिकटून राहते ते हे. यवतमाळच्या कापसाचा हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. त्यातूनच रायफलीची दारू बनते.

नवी दारू काळीच्या कित्येक पट जोरदार निघाली. तिचा स्वभावही वेगळा. दाब वाढला की ती झपाट्याने जळते आणि दाब पडला की रेंगाळते. पूर्ण भरलेल्या काडतुसात हा गुण कामाचा. अर्धवट भरलेल्यात तोच डोकेदुखी होतो.

जोर कमी करायचा तो कशासाठी

कारणे साधी आहेत. शिशाची गोळी तांब्याच्या वेष्टणातल्या गोळीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. हलक्या बाराला धक्का कमी, आवाज कमी, नळीची झीज कमी. नवशिक्याला आधी हलक्या बारावर बसवतात. शंभर वर्षांपूर्वी पहाऱ्यावरच्या शिपायांसाठी आणि बंदिस्त जागेतल्या सरावासाठी सैन्ये स्वतःच असे बार बनवत.

शिशाची मर्यादा ठरलेली आहे. निव्वळ शिसे मऊ. वेग वाढला की ते नळीच्या आट्यांत पुसले जाते आणि नळीत शिशाचा थर धरतो. म्हणून कथिल आणि अँटिमनी मिसळून ते कडक करतात. छापखान्यांच्या लायनोटाइप यंत्रातला धातू या कामी नावाजलेला होता: शिसे सुमारे ८४ टक्के, अँटिमनी १२ आणि कथिल ४. ऑफसेट आल्यावर तिथल्या छापखान्यांचे असे साठे भंगारात निघाले आणि बरेचसे गोळी ओतणाऱ्यांच्या भट्टीत गेले. आपल्याकडे खिळ्यांच्या छापखान्यांचे शिसेही भंगारातच गेले, पण त्या वाटेने नाही.

गोळीच्या बुडाला तांब्याची छोटी वाटी बसवण्याची युक्ती विसाव्या शतकाच्या आरंभीची. तिने वेगाची मर्यादा वर सरकली, तरी सेकंदाला साडेतीनशे ते साडेपाचशे मीटर हाच ओतीव गोळीचा सुखाचा पट्टा राहिला. आधुनिक रायफल आठशेच्या वर जाते. मोठे काडतूस आणि छोटा बार, हा पेच इथे सुरू होतो.

चार मते

पहिले मत काळ्या दारूवाल्यांचे. त्यांच्या मते हा प्रश्नच कृत्रिम आहे. काळी दारू जागा भरते, कमी दाबावर नीट जळते, शिशाला जपते. मग आधुनिक दारूचा हट्ट कशाला? त्यांच्या बाजूने दीडशे-दोनशे वर्षांचा अनुभव उभा आहे. तोटेही त्यांना मान्य आहेत. धूर इतका की दुसरा नेम धरण्याआधी थांबावे लागते, आणि नळीत उरणारी राख ओल धरते. पावसाळ्यात रात्री उडवलेली बंदूक सकाळी पाण्याने धुऊन तेल लावून ठेवली नाही तर गंज ठरलेला.

दुसरे मत झपाट्याने जळणाऱ्या दारूचे. मुळात पिस्तुलासाठी आणि छर्ऱ्यांच्या काडतुसांसाठी केलेल्या दारू हे लोक रायफलीत चिमूटभर वापरतात. रेड डॉट, शतकाहून जुनी युनिक, १९३० च्या दशकातली २४०० ही नावे या मंडळींच्या तोंडी कायम. या दारू थोड्या प्रमाणातही लगेच पेट घेतात, दाब पटकन उभा राहतो आणि राहिलेल्या मोकळ्या जागेची त्यांना फारशी तमा नसते. शिवाय एका डब्यात शेकडो बार. धोका या गुणाच्या पोटातच आहे. बार इतका छोटा असतो की काडतुसात तो दुसऱ्यांदा, कधी तिसऱ्यांदाही पडला तरी वरून कळत नाही. दुप्पट बाराने रायफल फुटते. या पंथाचे जुने लोक म्हणूनच प्रत्येक काडतुसात बॅटरीने डोकावून पाहायला शिकवतात.

तिसरे मत फुगीर दारूचे. वजनाला हलकी, आकाराने मोठी, म्हणजे थोडी घातली तरी काडतूस बरेचसे भरते आणि दुप्पट बार बाहेर सांडतो. अमेरिकेतल्या हॉजडन कंपनीची ट्रेल बॉस हे याचे ठळक उदाहरण. मधे भोक असलेल्या चकत्यांसारखे तिचे दाणे. काउबॉय पद्धतीच्या नेमबाजी स्पर्धांसाठी ती काढली आणि ओतीव गोळीवाल्यांनी उचलून धरली. सुरक्षेच्या दृष्टीने हे मत सगळ्यात सरळ आहे. आक्षेप असा की तिचा वेग एका पातळीपुढे जात नाही, दाणे चेपून भरले तर स्वभाव बदलतो, आणि गेली काही वर्षे तर ती बाजारातच मिळेनाशी झाली. एकाच डब्यावर विसंबून राहिलेल्यांची चांगलीच पंचाईत झाली.

चौथे मत रायफलीच्याच दारूवर ठाम आहे, पण तिची निवड नीट करा म्हणते. यात ४८९५ हे नाव पुन्हा पुन्हा येते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन रायफलींसाठी बनवलेल्या या दारूचा उरलेला साठा ब्रूस हॉजडन यांनी सरकारकडून घेतला आणि त्यावर आपला धंदा उभा केला. आजची एच ४८९५ त्याच वंशातली. तिच्या बाबतीत कंपनी स्वतः सांगते, की तक्त्यातल्या कमाल बाराच्या साठ टक्क्यांपर्यंत खाली यायला हरकत नाही. ही मुभा त्याच दारूपुरती आहे. ज्यांनी ती मोठ्या काडतुसांच्या संथ दारूंना लावून पाहिली, त्यांचे अनुभव पुढे येतात.

या चारांत कोण बरोबर, याचे एकच उत्तर नाही. पन्नास मीटरवर कागद फोडायचा की दोनशे मीटरवर नेम धरायचा, काडतूस लहान की मोठे, यावर मत फिरते. तरी एवढे म्हणता येते की वाद झपाट्याच्या आणि फुगीर दारूंमध्ये आहे. अतिसंथ दारूच्या बाजूने आता कोणी जाणकार उभा राहत नाही.

मोकळी जागा

काडतुसातली दारू आडवी पसरलेली असते. बंदूक खाली झुकवून वर उचलली की दारू गोळीकडे सरकते. वर रोखून खाली आणली की बुडाच्या टोपीकडे. थोड्या बारात एवढ्यानेही वेगात फरक पडतो आणि नेम वरखाली होतो. यावर उपाय म्हणून दारूवर हलका भराव घालतात. पूर्वी काटेसावरीच्या कापसासारखा कपोक वापरत, मग कृत्रिम धाग्याचा पुंजका आला, कोणी रवाही घालतात. एका गटाच्या मते भरावाशिवाय हलका बार म्हणजे अंदाजपंचे. दुसरा गट भरावाला हातही लावत नाही.

त्यांच्या भीतीला आधार आहे. दारूवर बोळा आणि गोळीखाली रिकामी जागा असली, तर सुटलेला बोळा गोळीच्या बुडावर आदळतो आणि तिथे नळीला आतून कडे उमटते. चार्ल्स डेल यांनी जुन्या जर्मन-अमेरिकन नेमबाजी रायफलींवर काम करताना अशी कडी मुद्दाम पाडून दाखवली. त्यानंतर निदान कडक बोळ्यापुरता वाद थंडावला. मऊ, सगळी जागा भरणारा भराव चालतो का, यावर मात्र अजून दोन तट आहेत.

ठासणीच्या बंदुकीत हेच संकट वेगळ्या रूपात दबा धरून असते. गज पुरता खाली गेला नाही आणि छर्रे दारूपासून वर अडकले, तर नळी त्या जागी फुगते, फुटतेही. म्हणून जुने वापरणारे गजावर खूण करून ठेवतात: भरल्यावर खूण नळीच्या तोंडाशी आली पाहिजे. बंदूक भरलेली आहे की रिकामी, हेही तीच खूण सांगते. या एका रेघेचे मोल महागड्या यंत्राहून कमी नाही.

आणि एक गोष्ट सगळे तट एकमुखाने सांगतात. काळ्या दारूच्या मापट्याने धूरविरहित दारू ठासणीच्या बंदुकीत भरली, तर नळी हातात राहत नाही.

थोड्या दारूचा मोठा स्फोट

दारू कमी तर धोका कमी, हे सामान्य माणसाचे गणित. १९५०-६० च्या दशकांपासून या गणिताला तडा देणाऱ्या घटना नोंदल्या जाऊ लागल्या. मोठ्या काडतुसात संथ दारू नेहमीपेक्षा बरीच कमी भरली आणि रायफल उडाली.

स्पष्टीकरणे तीन. एक म्हणते, टोपीच्या पहिल्या झटक्याने गोळी पुढे सरकून आट्यांशी अडते. मागे दारू अर्धी पेटलेली, आणि मग थांबलेल्या गोळीमागे दाब एकदम चढतो, जणू नळीत बूच बसले आहे. दुसरे म्हणते, अर्ध्या रिकाम्या काडतुसात ज्वाळा दारूच्या वरून पळते, दाबाच्या लाटा उलटसुलट आदळतात. तिसरे म्हणते, यातल्या पुष्कळ घटना म्हणजे चुकून पडलेला दुप्पट बार किंवा नळीत आधीच अडकलेली गोळी. माणूस चूक कबूल करत नाही, दारूला दोष देतो. प्रयोगशाळेत हा स्फोट हुकमी घडवणे अवघड ठरल्याने तिघांचेही चालले आहे. कंपन्यांनी मात्र वाद मिटायची वाट पाहिली नाही. संथ दारूंच्या तक्त्यांत त्या किमान बार छापतात आणि त्याखाली उतरू नका म्हणतात.

दुसरा अपघात त्याहून साधा आणि अधिक वेळा होणारा: बार इतका हलका की गोळी नळीतच राहते. फुसका आवाज येतो, माणूस पुढचे काडतूस भरतो आणि चाप ओढतो.

यात हवामानाचाही हात आहे. नायट्रोसेल्युलोजच्या दारूंचा दाब तापमानाबरोबर वाढतो. नायट्रोग्लिसरीन मिसळलेल्यांत हा फरक बहुधा जास्त. अमेरिकेच्या थंडीत पारखलेला बार विदर्भात मे महिन्याच्या ४५ अंशांत, तापलेल्या जीपच्या डिकीत दिवसभर पडलेला असेल, तर तो तक्त्यातला बार राहत नाही.

इथे निवड कोणाच्या हाती

भारतात काडतुसातल्या दारूची निवड कारखाना करतो. खडकीच्या कारखान्याची १२ बोअरची काडतुसे परवानाधारकांच्या ओळखीची. एलजी, एसजी, बीबी अशा छर्ऱ्यांच्या नावांनी ती मागतात. वरणगाव लष्करी काडतुसांसाठी, भंडाऱ्याजवळचा जवाहरनगरचा कारखाना दारू आणि स्फोटकांसाठी. २०२१ च्या ऑक्टोबरपासून हे सगळे पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडखाली आले. स्फोटकांच्या परवान्यांचा देशभरचा कारभार पाहणारी केंद्रीय संस्था नागपुरात आहे. या धंद्यात चुकीला जागा किती कमी, ते जवाहरनगरने २४ जानेवारी २०२५ ला पुन्हा पाहिले; त्या स्फोटात आठ कामगार गेले.

हलक्या बाराचा सगळ्यात शुद्ध नमुनाही महाराष्ट्राच्या ओळखीचा आहे, फक्त त्या नावाने कोणी त्याकडे पाहत नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन पोझिशन्समध्ये कांस्य मिळवले. दोघांच्या रायफली ०.२२ च्या: अडीच ग्रॅमच्या आसपास वजनाची बिनवेष्टनाची शिशाची गोळी, चिमूटभर दारू, आणि ध्वनीच्या वेगाच्या किंचित खालचा वेग. गोळी ध्वनीच्या वेगाची सीमा ओलांडताना डळमळते, म्हणून ती सुरुवातीपासूनच खाली ठेवतात. तिथे नेमबाज दारू निवडत नाही. तो काडतुसांचे घाणे निवडतो: एकाच कारखान्याच्या वेगवेगळ्या घाण्यांतली काडतुसे आपल्या रायफलीतून उडवून पाहायची, जो घाणा सगळ्यात लहान गट देईल तो उचलायचा. ओतीव गोळीवाला छांदिष्ट घरी जे करतो, ते इथे कारखान्याच्या दारात होते.

पुन्हा वावरात

मग ठासणीचा हलका बार डुकराला पुरतो का? इथे दारूचा वाद धोरणाच्या वादात मिसळतो.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. उभ्या पिकाला धोकादायक ठरलेल्या प्राण्याला मारण्याची परवानगी त्याच्या ११व्या कलमाखाली मिळू शकते. रानडुक्कर आणि नीलगाय २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत आहेत. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ही परवानगी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या पातळीवर आणली. मारलेला प्राणी सरकारी मालमत्ता. बिहारने त्याच सुमारास केंद्राकडून रोही आणि डुकरे उपद्रवी ठरवून घेतली. २०१६ मध्ये मोकामा भागात दोनशेहून अधिक रोही मारले गेले आणि पर्यावरण मंत्री प्रकाश जावडेकर व त्यांच्याच मंत्रिमंडळातल्या मनेका गांधी यांच्यात उघड खडाजंगी झाली. त्या वादात चंद्रपूरच्या डुकरांचेही नाव निघाले.

शेतकऱ्यांच्या बाजूचे म्हणणे असे: परवानगी कागदावर मिळते, पण बंदूक कुठे आहे? परवाना मिळायला वर्षे जातात, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांची बंदूक निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा. विधानसभेचे मतदान २०१४ मध्ये १५ ऑक्टोबरला, २०१९ मध्ये २१ ऑक्टोबरला, २०२४ मध्ये २० नोव्हेंबरला झाले. तिन्ही वेळा सोयाबीन किंवा कापूस नेमका वावरात होता.

वन्यजीवांच्या बाजूने बोलणारे जखमी प्राण्याकडे बोट दाखवतात. छर्रे लांबून बसले तर मोठे डुकर मरत नाही. ते कपाशीत शिरते आणि सकाळी कापूस वेचायला आलेल्या बाईच्या अंगावर येते. डुकर हे वाघ-बिबट्यांचे भक्ष्य आहे, हाही त्यांचा मुद्दा. शिवाय फ्रान्समधल्या एका दीर्घ अभ्यासात जास्त शिकार होणाऱ्या रानडुकरांच्या माद्या कमी वयातच विणू लागल्याचे आढळले. यवतमाळ जिल्ह्याला तर २ नोव्हेंबर २०१८ ची रात्र विसरता येत नाही. राळेगाव तालुक्यात बोराटीच्या जंगलात टी-१ वाघीण मारली गेली, आणि तिला भुलीची सुई आधी लागली की गोळी, यावर चौकशा झाल्या. भुलीची बंदूकही हलक्या बाराचीच. जोर अंतराप्रमाणे लावावा लागतो. जास्त झाला तर सुई हाडात शिरते, कमी पडला तर कातडीवरून उडते.

तिसरी बाजू बंदूक बाजूला ठेवा म्हणते: सौर कुंपण, चर, सामूहिक जागल, वेळेवर भरपाई. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळते. या बाजूची अडचण वेगळी. ज्याला कुंपण परवडत नाही तो कधी थेट विजेची तार सोडतो, आणि तिच्यात डुकरापेक्षा वाघ आणि शेजारचा शेतकरी सापडतो. गावठी बॉम्बचीही तीच कथा.

आवाजापुरता बार हा चौथा मार्ग जागलीवाल्यांनी स्वतःच काढला. कॅल्शियम कार्बाइड आणि पाण्याच्या वायूवर चालणारी पाइपची बंदूक स्वस्त, दारू लागत नाही, छर्रे नाहीत. २०२५ च्या दिवाळीत भोपाळमध्ये तिने अनेक मुलांच्या डोळ्यांना इजा केल्यावर तिच्याकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले.

काही प्रश्न अजून उघडे आहेत. ठासणीची बंदूक डुकराला किती अंतरापर्यंत पुरते, याची कायद्याने मागितलेली खात्री अधिकाऱ्याने कशावरून करायची, हे त्या कलमात लिहिलेले नाही. काळ्या दारूचे माप, छर्ऱ्यांचा आकार आणि अंतर यांचा मराठीतला साधा छापील तक्ता परवान्यासोबत देण्याची पद्धत नाही. अमेरिकेत दारूच्या प्रत्येक डब्यामागे तसा तक्ता असतो. शिशाचे काय, हा प्रश्न तर इथे कोणी विचारतच नाही. कॅलिफोर्नियाने कोंडोर गिधाडांसाठी शिकारीतली शिशाची गोळी १ जुलै २०१९ पासून पूर्ण बंद केली. विदर्भात गोळी लागून झुडपात मेलेले डुकर खायला कोण येते, याकडे वन खात्याचे लक्ष अजून वळायचे आहे. आणि ज्या १३व्या कलमावर हे सगळे उभे आहे, त्यातले ठासणीच्या बंदुकीबद्दलचे शब्द १९५९ पासून तसेच आहेत. परवाना मिळाला की त्या बंदुकीत किती दारू जाते, ते अजून जागलीवरच ठरते.